शकूला काय ठाऊक होतं? कुमारांसाठी इतिहासातली जीव वाचवण्याची गोष्ट लिहायला घेताना

इतिहासातल्या जिवावरच्या प्रसंगावर मुलांसाठी लिहायचं ठरलं की नव्या लेखकाचा हात आधी गडाकडे जातो. पन्हाळ्याचा वेढा, घोडखिंड, आग्र्याचे पेटारे. त्यात वाईट काही नाही, पण अडचणी दोन आहेत. शेवट चौथीतल्या पोरालाही पाठ असतो. आणि नायक एवढा मोठा की त्याला घाबरलेला, चुकलेला किंवा मुळूमुळू रडणारा दाखवायला लेखकाचीच छाती होत नाही. जीव वाचवण्याच्या गोष्टीत तर नेमकं तेच लागतं.

म्हणून पहिली गोष्ट आजी-आजोबांच्या आठवणीत मावेल इतक्याच मागे जाऊन लिहा. दहा ते चौदा वर्षांचा वाचक धरा, आठ-दहा छापील पानं धरा, आणि खालच्या क्रमाने जा. मी क्रम सांगतोय खरा, पण दुसरी पायरी झाल्यावर पुन्हा पहिलीवर यायची वेळ बहुतेकांवर येते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पहिली पायरी : एक दिवस, एक जागा, एक मूल

'पुण्याचा पूर' हा विषय झाला, गोष्ट नव्हे. 'नारायण पेठेतल्या एका वाड्यात राहणारी अकरा वर्षांची मुलगी, १२ जुलै १९६१, सकाळपासून दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत' ही गोष्ट होऊ शकते. आपल्याकडे असे दिवस पुष्कळ आहेत. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. जी वाचली त्यांतल्या कितीतरी जणांना रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी पाण्यात फेकून देऊन वर घेतलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत भूकंप झाला तो गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, दमलेली माणसं गाढ झोपेत असताना. १९७२ चा दुष्काळ तर सावकाश चालणारं संकट: खडी फोडणारी आई, सुकडीची रांग, दावणीचं जनावर विकायचं की नाही हा प्रश्न. हा शेवटचा विषय सगळ्यांत अवघड. त्यात धावपळ नसते, नुसती वाट पाहणं असतं. पहिल्याच फटक्यात त्याला हात घालू नका.

या लेखापुरता मी पुराचा दिवस घेतो. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून व्हायच्या आधीच भरलं आणि १२ जुलैच्या सकाळी फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं. तिथलं एकोणिसाव्या शतकातलं दगडी धरण काही तास टिकलं आणि मग तेही गेलं. मुठेकाठच्या पेठा, डेक्कन, शिवाजीनगरचा नदीकडचा भाग पाण्याखाली गेला.

मुलीला नाव देऊन टाकू: शकू. ती आपली, कल्पनेतली. इयत्ता सहावी. घरात आई, आजी आणि चार वर्षांचा भाऊ बाळ्या. वडील आणि मोठा दादा सकाळीच नदीपलीकडे कामाला गेलेले.

दुसरी पायरी : दोन रकान्यांचा कागद

या लेखातलं एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल.

कोऱ्या कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे लिहा, 'काय घडत होतं'. उजवीकडे लिहा, 'शकूला काय ठाऊक होतं'. आणि तास-तास भरत जा.

डावीकडे, ११ जुलैची रात्र: पानशेतच्या बांधावर लष्कराचे जवान पावसात वाळूची पोती रचताहेत. उजवीकडे: काही नाही. शकू झोपली आहे. झोपण्यापूर्वी आजी एवढंच म्हणाली की कपडे वाळत नाहीत.

डावीकडे, सकाळी सातच्या सुमारास: बांध फुटतो. उजवीकडे: शकू दूध तापवायला स्टोव्ह पेटवते आहे. पिन सापडत नाही.

डावीकडे, त्यानंतरचे काही तास: खडकवासल्यावर पाण्याचा दाब वाढत चालला आहे, शहरात नदी चढते आहे. उजवीकडे: वाड्यातली निम्मी माणसं पूर पाहायला नदीवर गेली आहेत. पुण्यात पूर पाहायला जाणं ही जुनीच रीत. शकूलाही जायचंय. आई नको म्हणते, कारण बाळ्या मागे लागेल.

डावीकडे, दुपारकडे: खडकवासलाही फुटतं. उजवीकडे: गल्लीच्या खालच्या टोकाला गटाराचं पाणी उलटं वर येऊ लागलं आहे.

पाहा, दोन्ही रकाने कधीच जुळत नाहीत. डावीकडचं उजवीकडे पोचायला वेळ लागतो, आणि पोचतं तेव्हा ते अफवेच्या रूपात पोचतं. "धरण फुटलं" असं कुणी ओरडत गेलं, तर कुठलं धरण? किती लांबचं? पाणी यायला किती वेळ? शकूला खडकवासला सहलीमुळे माहीत असेल, पानशेत हे नाव तिने कदाचित ऐकलंही नसेल. गोष्टीतला सगळा ताण या दोन रकान्यांच्या मधल्या जागेत असतो. नवा लेखक डावा रकाना वाचून काढतो आणि तो सगळा शकूच्या डोक्यात ओततो. मग अकरा वर्षांची मुलगी धरणाच्या बांधकामातल्या उणिवांवर बोलायला लागते.

याच कागदाचा दुसरा उपयोग म्हणजे एक वाक्य कायमचं हद्दपार करता येतं: 'तिला कुठे ठाऊक होतं की आज...' हे वाक्य डाव्या रकान्यातून उजव्यात घुसखोरी करतं. मीही ते लिहिलेलं आहे, एकदा नव्हे तीनदा. खोडल्यावर गोष्टीचं काहीच बिघडत नाही.

जाता जाता पंचांगही उघडा. १२ जुलै १९६१, बुधवार, ज्येष्ठ अमावास्येचा सुमार. म्हणजे रात्री वीज नाही आणि चंद्रही नाही. तुमच्या शकूला माळ्यावरच्या खिडकीतून 'चांदण्यात चमकणारं पाणी' दिसू शकत नाही. तिला नुसतं ऐकू येईल. आषाढी एकादशी दहा-अकरा दिवसांवर आली होती, तेव्हा आजीच्या तोंडी वारीचा विषय सहज येऊ शकतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण एक अख्खा प्रसंग त्यातून मिळतो आणि एक ढळढळीत चूक टळते.

तिसरी पायरी : माणसांना विचारा, पण वस्तूंबद्दल विचारा

१९६१ साली दहा वर्षांची असलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडे जाऊन "तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" असं विचारू नका. साठ वर्षांत हजारदा सांगून त्या उत्तराची गोटी झालेली असते: "फार भयंकर होतं बघा." त्याऐवजी विचारा: पायांत काय होतं? घरातून काय उचललंत? ते कशात बांधलंत? कुणी कुणाला उचललं? पहिल्या रात्री काय खाल्लं? परत आल्यावर दार उघडलं तेव्हा वास कसला आला?

माझ्या नात्यातल्या एका आजींनी शेवटच्या प्रश्नावर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "भिजलेल्या जोंधळ्याचा. आंबलेला." त्याआधी तासभर त्या मला वर्तमानपत्रात आलेलंच सांगत होत्या.

वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली मोठ्या ग्रंथालयांत पाहायला मिळतात. बातमी वाचाच, पण जाहिराती आणि छोट्या सूचना जास्त बारकाईने वाचा. कापडाचा भाव, सिनेमाच्या खेळांच्या वेळा, हरवल्या-सापडल्याच्या चौकटी. गोष्टीतलं घर त्यातून उभं राहतं. जुन्या पेठांतून एकदा चालत जा. काही इमारतींवर पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण अजून दाखवतात. तिथे उभं राहून अकरा वर्षांच्या मुलीची उंची हाताने मोजा.

चौथी पायरी : संकट कसं चालतं ते समजून घ्या

मुलं या बाबतीत फार कडक असतात. पाण्यात पोहत गेली, दोरी फेकली, सगळे वाचले, असं लिहिलंत तर पाचवीतला पोहणारा मुलगा पुस्तक मिटतो.

एक घनमीटर पाण्याचं वजन हजार किलो. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी मोठ्या माणसाला धड उभं राहू देत नाही. मुलाचं तर नावच नको. शहरातला पूर समोरून भिंतीसारखा येईलच असं नाही. तो आधी गटारातून, मोरीतून, मागच्या बोळातून येतो. म्हणजे पुढच्या दारावर नजर ठेवून बसलेल्या घराला तो पाठीमागून गाठतो. पाणी स्वच्छ नसतं. त्यात लाकडं, पत्रे, भांडी, मेलेली जनावरं असतात.

आणि वाडा. इथे जरा थांबू, कारण या गोष्टीचं कथानक मला वाड्यानेच दिलं. पुण्यातल्या जुन्या वाड्यांचा सांगाडा लाकडाचा, पण भिंतींत माती भरपूर. अशी भिंत पाणी पिते. पाण्यात असताना ती उभी राहते, आणि पाणी उतरायला लागलं की बसते. म्हणजे 'वरच्या माडीवर जाऊन बसलो की सुटलो' हा जो पहिला, शहाणा वाटणारा विचार, तोच घात करू शकतो. शकूला हे कळणार नाही. तिच्या आईलाही नाही. पण वाड्याच्या पुढच्या खणात एखादा म्हातारा गवंडी राहत असेल, तर त्याला कळेल. तो भिंतीला हात लावेल, बोटाला लागलेला चिखल बघेल आणि म्हणेल, "वहिनी, माडीवर नको. रात्र काढायची नाही इथं." त्याचं ऐकायचं की नाही? आजीला चालवत नाही. बाहेर पाणी पायरीला लागलंय. झाली गोष्ट सुरू.

ही माहिती नुसती छापली असती तर तो धडा झाला असता. गवंड्याच्या बोटाला लागलेला चिखल झाला की तिचा प्रसंग होतो.

पाचवी पायरी : मोठी माणसं कुठे आहेत?

लहान मूल नायक असलं की हा प्रश्न टळत नाही. मोठे हजर असतील तर निर्णय तेच घेणार. त्यांना उगाच मूर्ख किंवा बेशुद्ध करणं ही लबाडी झाली. इतिहासच वाट देतो का ते बघा. त्या दिवशी लकडी पुलावरून पाणी गेलं, नदीवरचे पूल बंद झाले आणि शहराचे दोन तुकडे पडले. वडील डेक्कनच्या बाजूला, घर पेठेच्या बाजूला. त्यांना दोष देण्याचं कारणच उरत नाही. ते येऊच शकत नाहीत. आईच्या कडेवर बाळ्या आहे. आजीला आधार द्यायला आणि पुढचा रस्ता बघायला उरली ती शकू.

तिच्या हातात तीन निर्णय द्या, जास्त नकोत. त्यांतला एक चुकीचा असू द्या, आणि त्या चुकीची किंमत तिलाच मोजू द्या. माझ्या मसुद्यात ती जवळचा म्हणून खालचा बोळ निवडते आणि सगळ्यांना अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागतं. त्यात जो वेळ जातो त्याचे परिणाम पुढे तीन पानं पुरतात. तिने एकटीने वीस जणांना वाचवण्याची काही गरज नाही. आजीला पर्वतीच्या दिशेने उंचावर नेलं, एवढं पुष्कळ आहे. आणि खरोखर जे इतरांनी केलं, म्हणजे त्या रात्री जवानांनी बांधावर जे केलं, त्याचं श्रेय आपल्या नायिकेला चोरून देऊ नका.

भाषा आणि सामान

दोन याद्या करा. एक, घरात असलेल्या गोष्टींची: प्राइमस स्टोव्ह, बंब, पितळी घागर, फडताळ, ट्रंक, वळकटी, कंदील, कापडी दप्तर, दौत, रॅशनकार्ड, काळी लांब दांड्याची छत्री. दुसरी, नसलेल्या गोष्टींची: प्लास्टिकची बाटली, प्लास्टिकची पिशवी, बॅटरीवर चालणारं फुटकळ काहीबाही. दुसरी यादी जास्त उपयोगी. पाणी बरोबर कशात न्यायचं, हा प्रश्न १९६१ मध्ये खरोखरचा प्रश्न होता. घागर जड, तांब्या उघडा.

दशमान नाणी १९५७ मध्ये आली होती. तेव्हा मुलांच्या तोंडी 'नवे पैसे' आणि म्हातार्‍यांच्या तोंडी अजून आणे, असं दोन्ही चालेल. अंतर मात्र सगळे मैलांतच सांगतील. आईला 'अगं आई', शेजारणीला 'काकू', गवंडीबाबांना 'बाबा'. 'ओके' नको, 'टेन्शन' नको. पण म्हणून जुनाट, पुस्तकी बोलीही नको. शकू काही कीर्तनकार नाही.

गोष्टीत एखादा जुना शब्द आला तर त्याचा अर्थ तिथल्या तिथे सांगू नका, वापरातून कळू द्या. 'आजीने फडताळ उघडून डबा काढला' एवढ्याने मुलाला कळतं. तळटीप दिसली की ते उठतं.

सुरुवात

नवशिका असं सुरू करतो: '१२ जुलै १९६१ हा पुण्याच्या इतिहासातील काळा दिवस. पानशेत धरण फुटले आणि...' झालं, पहिल्याच ओळीत सगळं सांगून टाकलं.

आता हे बघा:

'शकूला सकाळपासून छत्रीचा राग आला होता. घरात छत्री एक, आणि ती दादाने नेली होती. आता दुकानातून काडेपेटी आणायची तर डोक्यावर पोतं घेऊन जायचं, आणि ते पोतं घेऊन जाताना समोरच्या वाड्यातली कुसुम नेमकी खिडकीत असणार.'

पुराचा उल्लेख नाही. पाऊस आहे, दादा घराबाहेर आहे, आणि मुलीला कशाची लाज वाटते तेही कळलं. पाणी दुसऱ्या पानावर आलं तरी चालेल, चौथ्यावर गेलं तर मात्र उशीर झाला.

मरण

हा दिवस खरा होता, माणसं खरी गेली, आणि त्यांची नातवंडं तुमचे वाचक असू शकतात. मरण लपवू नका आणि रंगवूही नका. कुसुमच्या घराचं दार दुसऱ्या दिवशी बंदच राहतं, आणि त्याबद्दल कुणी शकूशी बोलत नाही. बारा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं, आठ वर्षांच्या मुलाला ते टोचत नाही. शेजारचा खरा कुणी, गावातला खरा कुणी, असं नाव-गाव ओळखू येईल असं लिहू नका. खरे अधिकारी, खरे अभियंते यांना खलनायक करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळा. शकूच्या रकान्यात ती माणसं नाहीतच.

पाणी उतरल्यावर

बहुतेक हस्तलिखितं सुटकेबरोबर संपतात. मला वाटतं खरी गंमत तिथून पुढे आहे. शहराला पाणी पुरवणारं खडकवासलाच फुटलं होतं. म्हणजे एवढ्या पाण्यात बुडालेल्या पुण्यात नळ कोरडे. जुन्या वाड्यांतले आड आणि पेशवाईत कात्रजहून आणलेल्या पाण्याचे हौद, यांची आठवण लोकांना पुन्हा झाली. वीज नाही, गाळ गुडघाभर, रोगाच्या भीतीने टोचून घ्यायच्या रांगा, आणि अधूनमधून "पाणी आलं, पाणी आलं" अशी आवई उठली की पुन्हा पळापळ. शकूने एकदा खरी हाक ऐकली आहे. आता ही हाक खरी की खोटी, हे ती कशावरून ठरवेल? गटाराकडे बघून! पहिल्या दिवशी तिला जे ठाऊक नव्हतं ते आता आहे. दोन्ही रकाने इथे पहिल्यांदा एकमेकांजवळ येतात, आणि मुलगी मोठी झाली हे वेगळं सांगावं लागत नाही.

गोष्टीच्या शेवटी अर्ध्या पानाची एक टीप जोडा: 'खरं काय, कल्पनेतलं काय'. धरणं, तारीख, पेठा, जवानांची रात्र खरी. शकू, गवंडीबाबा, कुसुम कल्पनेतली. आकड्यांबद्दल वेगवेगळ्या नोंदींत फरक असेल तर तो आकडा गाळून टाका. ज्या आजी-आजोबांनी सांगितलं त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं नाव छापू नका.

पाठवण्यापूर्वी

'किशोर', 'वयम्', 'साधना'चा बालकुमार दिवाळी अंक अशा ठिकाणी मुलांसाठीचं लेखन छापलं जातं. आधी त्यांचे चार-पाच अंक वाचा, मग लांबी ठरवा. दिवाळी अंकाचं काम दिवाळीच्या कितीतरी आधी सुरू होतं, सप्टेंबरात जाग येऊन उपयोग नाही. 'किशोर'चे जुने अंक संगणकावर फुकट वाचायला मिळतात. मुलांसाठीची मराठी कशी बदलत गेली ते त्यांतून चांगलं कळतं.

पण त्याआधी चार-पाच मुलांना गोळा करून गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. तुमची स्वतःची मुलं त्यात नकोत, ती आईबापांवर दया करतात. वाचताना पेन्सिल हातात ठेवा. मुलं कुठे पायाने फरशी घासू लागतात तिथे खूण करा, कुठे श्वास धरतात तिथे दुसरी खूण करा. आवडली का, असं विचारू नका. "काही कळलं नाही असं काय होतं?" एवढंच विचारा.

मी एका शाळेत ही गोष्ट वाचली तेव्हा सगळे गप्प होते. मला वाटलं, जमली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याला धरणाबद्दल काही विचारायचं नव्हतं, पुराबद्दलही नाही. चौथ्या पानावर आजीची काठी घाईत जिन्यातच राहिली होती, आणि आठव्या पानावर आजी तीच काठी टेकत चढ चढत होती.